खिडकीखालचा बिंगो

“बी... नऊ!”

अग्निशामक बंबाच्या भोंग्यातून निघालेला नऊ समोरच्या टेकडीवर आपटला आणि तसाच परत आला. वृद्धाश्रमाच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि स्टेला ग्रुझिन्स्कीबाईंचं डोकं बाहेर आलं.

“मेल्या लेनी, एक नंबर दोनदा का पुकारतोस?”

“एकदाच पुकारला, स्टेलाबाई. दुसऱ्यांदा टेकडी बोलली.”

“मग तिला म्हणावं तोंडाला मास्क लाव.”

करोनामुळे मार्चपासून वृद्धाश्रमाचं दार बंद होतं. आतल्यांनी बाहेर यायचं नाही, बाहेरच्यांनी आत जायचं नाही. संत कॅसिमिर चर्चचं सभागृहही बंद, म्हणजे हाउजीसारखा आकड्यांचा तो खेळ, बुधवारचा बिंगो, बंद. पेनसिल्व्हेनियातल्या त्या जुन्या खाणगावात रविवारची प्रार्थना चुकवलेली देवाला चालायची, बुधवार चुकवलेला मात्र शेजाऱ्यांना चालायचा नाही. लेनी वोज्निक तिथे पस्तीस वर्षं नंबर पुकारत आला होता. पोटासाठी तो शर्टांच्या कारखान्यात कापड कापायचा. पण कारखाना कधीच गेला आणि कापडाबद्दल त्याला कुणी काही विचारलं नाही. गावाच्या लेखी तो बिंगोचा लेनी.

बंबाची कल्पना एमिल होलुबची. एमिल गावच्या स्वयंसेवक अग्निशामक दलात. “नाहीतरी हल्ली आगी लागत नाहीत,” तो म्हणाला. “सगळे घरातच, गॅसवर लक्ष ठेवून.” मग दर बुधवारी दुपारी बंब वृद्धाश्रमाच्या अंगणात उभा राहू लागला. म्हातारी मंडळी आपापल्या खिडकीत कार्डं घेऊन बसायची, लेनी बंबावर चढायचा. पहिल्या आठवड्यात बक्षीस केळं होतं. ओळ भरल्यावर “बिंगो!” म्हणून ओरडायचासुद्धा विजेत्याला उत्साह नव्हता. दुसऱ्या आठवड्यात टॉयलेट पेपरचा एक रोल ठेवला, तर एकदम तीन खिडक्या ओरडल्या, आणि त्यांतली एक सपशेल खोटं.

आज मात्र लेनीचं बक्षिसाकडे लक्ष नव्हतं. त्याचं लक्ष तळमजल्यावरच्या तिसऱ्या खिडकीकडे होतं. तिथे त्याची बायको बर्नाडेट बसली होती.

बर्नी तिथे राहायला आली त्याला दोन वर्षं होत आली होती. आधी तिची नावं निसटली, मग वार, मग कोण कुणाचं ते. दार बंद झाल्यावर लेनी रोज त्या काचेपाशी येऊन उभा राहायचा. सुरुवातीला ती हात हलवायची. ईस्टरनंतर ती त्याच्याकडे गॅसचं मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघू लागली. अगदी सौजन्याने. याचं काम कधी उरकतंय, एवढीच वाट बघत. एकदा तरी तिने पूर्वीसारखं तोंडभर हसावं, गळा काढून ओरडावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून त्याने सकाळी फोन करून तिथल्या सेविकेकडून, येसेनियाकडून, बर्नीच्या कार्डावरची मधली ओळ वाचून घेतली होती.

“कशाला हवीय?” येसेनियाने विचारलं.

“असंच.”

पाच घरांच्या त्या ओळीत मधलं घर आयतंच भरलेलं असतं. उरले चार नंबर, त्यांतला बी नऊ पुकारून झाला होता. लेनीने नंबरांच्या चेंडूंचा पिंजरा फिरवला, एक चेंडू काढला, त्याच्याकडे न बघता “आय चोवीस!” म्हणून पुकारलं आणि चेंडू खिशात टाकला. मध्ये एखाददुसरा खरा नंबर सोडला. मग जी बावन्न.

“लेनी! चेंडू बघितलास का तू?” वरून आवाज आला. “माझ्याकडे दुर्बीण आहे हं!”

“पाखरं बघा, स्टेलाबाई.”

“पाखरंच बघतेय. बंबावर एक म्हातारं गिधाड बसलंय.”

“ओ... सत्तर!”

सत्तर टेकडीवर जाऊन आला. कुणी ओरडलं नाही. तिसऱ्या खिडकीत येसेनिया वाकून बर्नीला काहीतरी सांगत होती. लेनीने पुन्हा “ओ सत्तर” पुकारलं. पुन्हा तेच. मग त्याच्या खिशातला फोन वाजला.

“मिस्टर लेनी, चारही लागले की हो! मी म्हणतेय ओरडा, तर ओरडतच नाहीत.”

“का?”

“मलाच दटावलं. म्हणतात, मला ओरडता यायचं नाही, माझा नवरा पुकारतोय. लोक काय म्हणतील?”



नियम लेनीचाच होता. पुकारायला लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने भर सभागृहात जाहीर केलं होतं, की पुकारणाऱ्याच्या घरचं कुणी खेळणार नाही, उगाच बोट दाखवायला जागा नको. फादरनी पुढच्या रविवारी त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. तो महिनाभर छाती काढून फिरला. बर्नीला बिंगोचं केवढं वेड! ती “बरं” म्हणाली आणि सभागृहाच्या स्वयंपाकघरात गेली. पुढची तीसेक वर्षं बुधवारी ती तिथे बटाट्याची धिरडी तळत राहिली. कुणाचे चार लागून पाचवा यायचा असला की सभागृह चिडीचूप व्हायचं, आणि नेमकी तेव्हाच धिरडी करपायची. लेनी तिला घरी येऊन बोलायचा. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणायचा.

“येसेनिया,” तो फोनवर हळूच म्हणाला, “मी कोण ते तिला कळलंय?”

“खिडकीशी येऊन उभे राहता ते तुम्ही? ते नाही सांगता यायचं. पण पुकारणारा कोण, ते पक्कं ठाऊक आहे.”

“काय रे, झालं काय?” खालून एमिल ओरडला. “बंब तापतोय!”

लेनीने खिडकीकडे बघितलं. बर्नी काचेला कान लावून बसली होती. माइकमध्ये तो बोलत राहील तोवर तो तिचा नवरा होता. आणि तो नवरा असेल तोवर ती ओरडणार नव्हती. दुपारभर पुकारत बसायला त्याला कुणाची हरकत नव्हती. त्याने माइक तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला.

“हा डाव रद्द,” तो म्हणाला. “पुकारणाऱ्याने लबाडी केली.”

“मी म्हटलंच होतं!” वरची खिडकी कृतार्थ झाली.

“यापुढचे डाव एमिल होलुब पुकारेल. आणि नियम बदललाय. आता सगळ्यांनी खेळायचं. स्वयंपाकघरातल्यांनीसुद्धा.”

“मी?” एमिल म्हणाला. “अरे, मला आग विझवता येते फक्त!”

लेनी बंबावरून उतरला. उतरताना त्याला एमिलचा खांदा धरावा लागला. उरलेल्या गठ्ठ्यातून त्याने एक कार्ड उचललं, मूठभर लाल चकत्या घेतल्या, घडीची खुर्ची तिसऱ्या खिडकीखाली नेऊन मांडली. येसेनियाने आपला चालू फोन स्पीकरवर टाकून आतल्या कट्ट्यावर ठेवला.

एमिल नंबर पुकारत होता की कुठल्या घराला आग लागली ते कळवत होता, ते समजणं कठीण होतं. लेनीची तारांबळ उडाली. नंबर तोंडातून बाहेर पाठवायची त्याला सवय. ते कानातून आत घेऊन कार्डावर शोधायचे, हे काम त्याने कधी केलंच नव्हतं.

काचेवर टकटक झाली. बर्नी त्याच्या कार्डाकडे बोट दाखवत होती.

“अहो, एन चौतीस आला,” तिचा आवाज फोनमधून आला. “तुमचा राहिला.”

“हो की.”

“पहिल्यांदा खेळताय?”

“पहिल्यांदाच.”

“येईल हळूहळू. हा मेला पुकारतोयही गचाळ. माझ्या नवऱ्याचं ऐकायला हवं होतं तुम्ही.”

“कुठे गेला तो?”

बर्नीने बंबाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. “बसला असेल कुठेतरी,” ती म्हणाली. “पाय दुखतात त्याचे. सांगत नाही कुणाला.” मग तिने काचेवर पुन्हा बोट वाजवलं. “लक्ष द्या. आय सतरा आला.”

त्याच्याकडे सतरा नव्हता. तिच्याकडे होता. तिने चकती ठेवली, ओळीवरून एकदा बोट फिरवलं, उजव्या-डाव्या बाजूला चोरून बघितलं, आणि मग बर्नाडेट वोज्निकने अशी काही आरोळी ठोकली की फोन कट्ट्यावरून खाली पडला. टेकडीनेही ती परत पाठवली. ओरडून झाल्यावर तिला समोर जो दिसला त्याच्याकडे बघून ती तोंडभर हसली.

“अभिनंदन, बाई,” लेनी म्हणाला. फोन पडला होता, तिला ऐकू गेलं नसावं.

मग हरलेल्याने करायचं असतं तसं त्याने आपल्या कार्डावरच्या चकत्या गोळा केल्या, कार्ड बाहीने पुसलं, आणि पुढचा डाव सुरू व्हायची वाट बघत बसला.