थोरल्याचे खांदे

मास्तर आयुष्यात दोघांशीच एकनिष्ठ राहिले. एक बायको आणि दुसरं त्यांचं चॅनेल. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. दुकान बंद होऊन बराच काळ लोटला होता, पण दुकानातला माणूसभर उंचीचा आरसा अजून पुढच्या खोलीत, टीव्हीसमोरच्या भिंतीशी, शिक्षा झालेल्या पोरासारखा तोंड भिंतीकडे करून उभा होता. ठेवायला दुसरी जागा नव्हती आणि काढून टाकायला मन होत नव्हतं.

टीव्हीवर एकच चॅनेल होतं तेव्हा निष्ठेचा प्रश्नच नव्हता. बातम्या देणाऱ्या बाईंनी निरोप घेतला की मास्तरही हातातलं शिवण थांबवून मान हलवायचे. पुढे चॅनेलांचा सुळसुळाट झाला आणि शेजारीपाजारी रोज नव्या घरी पाहुणे गेल्यासारखे इकडून तिकडे हिंडू लागले. मास्तरांनी मात्र एक चॅनेल धरलं ते धरलं. त्यावरच्या काही मालिका त्यांनी निव्वळ भिडेखातर शेवटपर्यंत पाहिल्या. “आपलीच माणसं आहेत, बिघडतं एखादं काम,” असं म्हणायचे आणि जाहिराती लागल्या तरी उठायचे नाहीत. न जाणो, त्यांना वाईट वाटायचं.

संध्याकाळी सातची मालिका तर नवराबायकोचा जीव की प्राण. तिला नाव होतं, पण घरात तिला नुसतं ‘आपली’ म्हणत. “आपली लागली का?” असं बायको स्वयंपाकघरातून विचारायची आणि हात पुसत येऊन बसायची. रात्री जेवताना मग मालिकेतल्या घराची उणीदुणी निघायची. त्यातला थोरला भाऊ मास्तरांचा फार लाडका. पहिल्याच भागात त्यांनी डोळ्यांनीच त्याचं माप घेतलं होतं. डावा खांदा जरा उतरता, पाठीला किंचित पोक. “अशा अंगाला शर्ट बसवणं सोपं नाही हो,” ते म्हणायचे, “पण शिवणाऱ्यानं खांदा झाकलाय!”

आणि एके दिवशी थोरल्याला अपघात झाला. कितीतरी भाग त्याचं तोंड पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं. शेवटी डॉक्टरांनी पट्टी उलगडली आणि आतून भलताच माणूस निघाला. मालिकेतल्या आईनं त्याला पोटाशी धरून हंबरडा फोडला.

“सख्ख्या आईनं ओळखला?” मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. “अगं, अपघातात एक वेळ चेहरा बदलेल. खांदे रुंद कसे होतील?”

“आधीच्यानं काम सोडलं म्हणे. बघू तरी, हा कसा करतो ते.”

“बघायचं काय त्यात? न विचारता माणूस बदलतात म्हणजे काय!”

“कोणाला विचारायचं होतं? तुम्हाला?”

खरं तर हो, त्यांना तसंच वाटत होतं. पण ते बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते आवाज चढवून म्हणाले, “मी ते चॅनेल पुन्हा बघणार नाही. माझा शब्द आहे!”

“बरं,” बायको म्हणाली. “मग सात वाजता जरा पाय मोकळे करून येत जा. मी बघणार आहे.”

आता आली पंचाईत. ठरल्या दिवशी कपडा देणारा टेलर अशी मास्तरांची ख्याती होती, त्यावरून शब्दाच्या बाबतीत गृहस्थ किती हट्टी असेल ते ओळखावं. दुसऱ्या दिवशी सात वाजता ते मुकाट्यानं चपला घालून बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये टीव्ही चालू होता. मास्तर सहज टेकले. खुर्चीचं तोंड आरशाकडे, टीव्ही पाठीमागे भिंतीवर उंच टांगलेला. आणि आरशात, सलूनवाल्याच्या कानाशेजारी, ‘आपली’ लागली होती.

मास्तरांनी मान वळवली नाही. वळवली असती तर ते चॅनेल बघणं झालं असतं. आरशात तर माणूस स्वतःला बघतो.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. आज दाढी, उद्या मिशी, परवा मानेवरची लव. मालिका रंगात आली की सलूनवाल्याची कात्री हवेतच थांबायची आणि जाहिराती लागल्या की पुन्हा चालू व्हायची.

“मास्तर,” तो एकदा म्हणाला, “तुमच्या डोक्यावर आता काही शिल्लक नाही. उद्यापासून शेजारच्या कोणाचं तरी डोकं घेऊन या.”

“तू आपलं काम कर. आणि जरा डावीकडे सरक, दिसत नाहीये.”

“काय दिसत नाहीये?”

“माझा कान.”

घरी मात्र जेवणाची पार रया गेली. मालिकेत काय चाललंय ते मास्तरांना सगळं ठाऊक होतं, पण बोलायची सोय नव्हती. बायकोनंही भाग पाहिलेला असायचा, पण यांनी तो पाहिलाच नाही असं धरून ती विषय काढत नव्हती. आपण इतकी वर्षं एकमेकांशी बोलत होतो की त्या मालिकेतल्या लोकांविषयी, असा प्रश्न मास्तरांना पहिल्यांदाच पडला आणि त्यांनी घाबरून आणखी भात वाढून घेतला.

नवा थोरला इतके दिवस इस्पितळाच्या झग्यात, नंतर पांघरुणात होता. अखेर तो शर्ट घालून हिंडूफिरू लागला. त्या संध्याकाळी मास्तर घरी आले ते धुमसतच. जेवणाच्या पहिल्या दोन घासांपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला.

“लाज नाही या लोकांना! घरच्या कर्त्या माणसाला बायकांचा शर्ट घालतात! बटणपट्टी उलटी, खिसा उजव्या छातीवर! कापणाऱ्याचे डोळे फुटले होते का?”

बायकोनं घास खाली ठेवला. दुकान होतं तेव्हा सगळी काजंबटणं तिच्याच हातची असायची.

“कोणाला घातला?”

“थोर...” मास्तर थबकले. “असं ऐकलं.”

“खिसा ऐकलात?”

मास्तर पाणी प्यायले.

“अहो, मी आत्ताच पाहिलं. खिसा डावीकडेच होता त्याचा. बटणपट्टीही सरळ.” ती तशीच उठली, दुकानातला आरसा फिरवून तिनं त्याचं तोंड खोलीकडे केलं आणि नवऱ्याला दंडाला धरून त्याच्यासमोर उभं केलं. “आता आतल्या गृहस्थाला नीट बघा. खिसा कुठं आहे त्यांचा?”

मास्तरांनी पाहिलं. जन्मभर गिऱ्हाइकांना त्यांनी याच आरशासमोर उभं केलं होतं, पण आरशात बघायचं ते गिऱ्हाइकानं. टेलरनं गिऱ्हाइकाला बघायचं असतं. आतल्या गृहस्थाचा खिसा उजव्या छातीवर होता.

“सलूनमध्ये!” बायको म्हणाली. “तरीच म्हटलं, यांची मिशी रोज कुठं झिजतेय!” आणि ती हसायला लागली ती भिंतीला टेकेपर्यंत. मास्तरांना आधी राग आला, मग ओशाळल्यासारखं झालं, मग तिचं हसणं किती दिवसांनी ऐकतोय याचा हिशेब लागेना.

“शब्द मी मोडलेला नाही,” ते तोंड पाडून म्हणाले. “आणि मोडणारही नाही.”

“कोण म्हणतंय मोडा म्हणून?”

दुसऱ्या दिवशी सातच्या सुमारास ते चपला शोधू लागले, तर त्या जागेवर नव्हत्या. पुढच्या खोलीत आरसा लख्ख पुसलेला होता आणि खुर्ची टीव्हीकडे पाठ करून मांडलेली होती. “बसा,” बायको म्हणाली. “चॅनेल बघू नका. आरसा बघा.”

मास्तर बसले. ती आपल्या नेहमीच्या जागी, टीव्हीकडे तोंड करून बसली. ‘आपली’ सुरू झाली. थोड्याच वेळात मास्तर काहीतरी पुटपुटले.

“काय म्हणालात? तुमच्या टकलाशी बोलायचं का मी?” असं म्हणून तिनं आपली खुर्ची ओढली, फिरवली आणि त्यांच्या शेजारी आणून ठेवली. आरशात टीव्ही होता आणि त्याच्याखाली दोघं जण ओळीनं बसले होते. थोरला आला. खिसा उजवीकडे, बटणपट्टी उलटी.

“शोभतच नाही तो शर्ट,” आता बायकोच म्हणाली.

मास्तरांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

“खांदे मात्र,” ते म्हणाले, “बरे आहेत.”