चार नंबरची मोटर

चालू मोटर पाहून कोणाचं डोकं फिरते का, सांगा बरं. रूपराव सराचं फिरलं, अन् तेही परीक्षेच्या दिवशी, सकाळी साडेदहाले.

"जागृती, हे तू भरली?"

तिनं खुशीत मान हलवली. तिले वाटलं, सर आता पाठ थोपटतीन.

हिंगणघाटातलं हे मोटर वाइंडिंगचं केंद्र. सरकारी पैशाचं, मोफत. तीन महिने शिक्षण, वीस पोट्टे-पोट्ट्या अन् मोटरी चार. पहिल्या तीनवर बाकीचे तुटून पडत, जागृतीच्या वाट्याले नुसतं पाहणं येई. चौथी कोपऱ्यात जळून पडली होती. तिले हात लावू नोको, असं कोणी सांगतलं नोयतं. मंग जागृतीनं जेवणाच्या सुट्टीत ते खोलली. जळकी तार उपसून पिशवीत भरली, वेढे मोजून वहीत लिहिले, नवी तार भरली, वार्निश मारून उन्हात वाळवली. अकरा दिवस गेले. अन् आज बटन दाबलं तं अशी गोड घुमाले लागली का बास.

अन् आताच तिले समजलं, का ते मोटर परीक्षेची होती.

दर बॅचले तेच. बंद मोटर समोर ठेवाची, दोष विचाराचा, पोट्ट्यांनं 'वाइंडिंग जळालं' म्हणाचं, झाले पास. सहा बॅचा तिच्यावर निंगाल्या. भरली कोणीच नाई.

सर हळूच म्हणाले का, आतला फिरता रोटर अडकवून करंट दे, दहा मिनिटात जळते. परीक्षक बाहेर चहा पिऊन राह्यले, तोवर उरकून टाक.

जागृतीले समजेना, हसावं का रडावं. सोमवारी कामासाठी कापसाच्या जिनिंगच्या गेटवर सर्टिफिकेट दाखवाचं होतं. फोरमन गुलाबभाऊनं साफ सांगतलं होतं, का कागद आणजो, नाई तं जागा दुसऱ्याले.

"सर, तुमी शिकवलं ते मी शिकली," ते म्हणाली, "तं मी नापास?"

सराचं कंत्राट याच बॅचवर टिकून होतं. पण बटनाकडं त्याइचाही हात जाईना.

तेवढ्यात परीक्षक आले, नागपूरचे, हातात टॅब. मोटर घुमून राह्यली होती. त्याइनं टॅबात पाह्यलं, मोटरीकडं पाह्यलं, मंग परत टॅबात. दोषाचे चार पर्याय होते, 'दोष नाही' असा पाचवा नोयता. अन् आधी बंद मोटरचा फोटो टाकल्याबिगर गाडी पुढं सरकेना.

"बेटा, बंद मोटर कुठं आहे?"

जागृतीनं बटन पाडलं.

"हे घ्या. बंद झाली."

मागं बॅचमधला कैलास फिसकन हसला. परीक्षकाले अजून दोन केंद्रं कराची होती, त्याइनं फोटो काढला. "अन् दोष?"

तिनं टेबलाखालून पिशवी काढली अन् काळी तार टेबलावर ओतली. जळका वास सुटला. "वाइंडिंग जळालं होतं. हे पाहा. मीनंच काढलं, मीनंच भरलं."

परीक्षकानं तार उचलून पाह्यली, वहीतले वेढे पाह्यले, बोटं पँटले पुसली अन् टॅबवर टिचकी मारली. बटन दाबलं, मोटर घुमली, चालूचा फोटो. पास.

मंग बाकीचे एकोणीस आले. बटन पाडा, फोटो. तार दाखवा, फोटो. बटन दाबा, फोटो. सारे पास. कैलासनं तीन महिन्यात पेचकस धरला नोयता, त्याले जागृतीएवढेच मार्क. तो तं मोटरीवर हात ठेवून अशा ऐटीत उभा राह्यला, जसं त्यानंच भरली.

परीक्षक गेले. जागृती तार परत पिशवीत भरून राह्यली होती. रूपराव सर जवळ आले, जरा घुटमळले.

"ते पिशवी इथंच ठेव, बाई," ते म्हणाले. "पुढच्या बॅचले लागते."

तिच्या तोंडाशी लय आलं. पण सर्टिफिकेट अजून हातात पडाचं होतं. तिनं पिशवी टेबलावर ठेवली, वही तेवढी उचलली अन् निंगाली.