टोपलीभर भाजीचा चमचा

मी चमचा बोलतोय. पोहे खायचा नव्हे, आमटी वाढायचा तर नव्हेच. हिरव्या पावडरीच्या डब्यात गळ्यापर्यंत रुतून बसलेला इवलासा प्लास्टिकचा चमचा असतो ना, तो मी. डबा उघडला की लोक आधी मलाच शोधतात, बोटं हिरवी करून घेतात आणि वर मलाच नावं ठेवतात.

जन्म साच्यातला. ऊब होती तोवर बरं वाटलं, मग मला पोत्यात कोंबलं आणि पोत्यातून डब्यात. त्या डब्यावर ठसठशीत छापलं होतं, रोज एक चमचा म्हणजे टोपलीभर पालेभाजी. आता चमचा म्हणजे कोण? मीच की! मला तोरा चढला नसता तरच नवल.

मला बिदरला घरी आणलं सिद्धूनं. साल दोन हजार नऊच्या आसपासचं. सिद्धू मूळचा ठाणाकुशनूरचा, वाडवडील शेरडं-मेंढरं राखणारे. हा मात्र बिदरजवळच्या कोळारच्या गोदामात पोती चढवायचा आणि शहरातच मैलूर भागात एका खोलीत संसार करायचा. बायको श्रीदेवी गरोदर होती आणि तिच्या अंगात रक्त फार कमी होतं. दवाखान्यातल्या नर्स चांगुणाबाईंनी बजावलं होतं, "बाळंतपणाच्या आत रक्त वाढलं न्हाई तर आई आन बाळ, दोघांच्याबी जिवाला धोका हाय."

सिद्धूच्या तोंडचं पाणी पळालं. गोदामातला रविकुमार फावल्या वेळात असले डबे विकायचा. तो म्हणाला, "अण्णा, वैनीला हे पाज. रक्त कसं सळसळतंय बघ!" बुडत्या माणसानं विचार किती करावा? सिद्धूनं डबा घेतला.

श्रीदेवी रोज सकाळी नाक दाबून माझ्या मापानं पावडर प्यायची. दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या गोळ्यांनी तिला मळमळायचं. त्यात गावाहून सासूबाईंचा, कोंडाबाईंचा निरोप आला होता, "गोळ्या नगं, बाळ काळं होतंय." मग काय, गोळ्या गेल्या फळीवर. मला तर आनंदच झाला! सगळी भिस्त आता माझ्यावर होती.

थंडी पडली आणि कोंडाबाई सुनेला विसावा द्यायला येऊन राहिल्या. त्यांच्या गावाकडं हरभऱ्याचा कोवळा पाला खुडतात, वाळवतात, चुरून डब्यात भरतात आणि पुढं उन्हाळाभर त्याची भाजी करतात. त्यांनी आमचा डबा उघडला, वास घेतला आणि हरखल्या. "अगं माय, पोरानं भाजी वाळवून ठिवलीया की!" मला दिलं एका बाजूला भिरकावून. लसणाची खमंग फोडणी, मिरची, चार मुठी पावडर आणि वरून ज्वारीचं पीठ. माझ्या डोळ्यांदेखत अर्धा डबा कढईत गेला.

सिद्धूनं पहिला घास घेतला आणि त्याचं तोंडच वाकडं झालं. "माय, भाजीत साखर कामून घातलीस?"

"मी कशाला घालू? तुझी भाजीच गोड हाय!"

"अगं, ती भाजी न्हाई! रक्त वाढायची पावडर हाय ती!"

"मग कशाची केलीया?"

सिद्धूनं डबा फिरवून अडखळत वाचलं, "गव्हाचं गवत... पाण्यातलं शेवाळ..."

"गवत?" कोंडाबाईंनी कपाळावर हात मारला. "अरं बाबा, गवत खानारी शेरडं आपून राखली, आन तू बायकोला गवत पाजायलास व्हय?"

मायलेकरं पोट धरून हसली. मग सिद्धूनं सकाळच्या वरणाशी भाकरी खाल्ली, कोंडाबाईंनी शेंगाच्या चटणीशी. दोघं उठल्यावर श्रीदेवी बसली, नेहमीसारखी शेवटी. वरण संपलेलं, चटणी संपलेली. तिनं तो गोडमिट्ट हिरवा गोळा भाकरीला लावला आणि मुकाट्यानं गिळला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज असंच व्हायचं की! सिद्धू पोटभर जेवायचा, मागेल तेवढं ती वाढायची आणि आपण पातेलं पुसून भाकरी खायची, वर कपभर चहा. सकाळी टोपलीभर भाजी पाजल्याच्या ऐटीत वाळत पडलेला मी, आणि तिच्या ताटात भाजीचं पानसुद्धा नाही. मला लाज वाटली हो, खरंच.

पुढच्या तपासणीला तिघंही दवाखान्यात गेली. सिद्धूनं कौतुकानं डबाही नेला, म्हणून मीही होतो. रक्त तपासलं तर आधीपेक्षाही खाली उतरलेलं.

"गोळ्या घ्यायलीस का न्हाई?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"मीच नगं मनलं, अक्का," कोंडाबाई म्हणाल्या. "बाळ काळं होतंय मनत्यात."

"बाळाचा रंग आईबापावर जातोय. गोळीवर न्हाई."

"पर ही पावडर चालू हाय की!" सिद्धूनं डबा पुढं केला.

चांगुणाबाईंनी डबा नीट पाहिला. "धडधाकट मानसानं हौस मनून प्यावं, माझं काय जातंय? पर गोळीची जागा हे घेत न्हाई, आन जेवनाचीबी न्हाई. पोटुशी बाईनं तर डाक्टरला इचारल्याबिगर असलं काई घ्यूच नये." मग त्या श्रीदेवीकडं वळल्या. "ताटात भाजी किती असतीया गं?"

श्रीदेवी पदराशी चाळा करत राहिली.

"सांग की, भ्यायलीस कामून?"

"मी बसते तवा पातेलं रिकामं असतंय," ती म्हणाली.

सिद्धू माझ्याकडं, म्हणजे डब्याकडं बघत होता, पण डोळे भरलेले. वाटेत मंडई लागली तेव्हा त्यानं मेथी, पालक, लिंबं, दिसेल ते पिशवीत भरून घेतलं.

घरी कोंडाबाईंनी भाजी-भाकरी केली, ताट वाढलं आणि म्हणाल्या, "आधी तू बस."

श्रीदेवीला सगळ्यांसमोर घास उतरेना. सिद्धू बिचारा भिंतीकडं तोंड करून बसला. "मी बघत न्हाई, जेव तू!" तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती पोटभर जेवली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. मळमळ व्हायची, तरी लिंबू पिळून ती रेटायची. जेवणावर चहा घेतला की रक्तवाढीचं अंगी लागत नाही, म्हणून चहा जेवणापासून लांब गेला. रविकुमार नवा डबा घेऊन आला तेव्हा श्रीदेवीच दारात गेली. "नगं भाऊजी. मला भाजीच खाऊ द्या."

पुढच्या वेळी रक्त वाढलेलं निघालं. आणखी पुढच्या वेळी आणखी. चांगुणाबाई हसून म्हणाल्या, "आता मला काळजी न्हाई." मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. आई सुखरूप. कोंडाबाईंनी नातीला मांडीवर घेऊन आधी रंग पाहिला आणि मग स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारून घेतली.

मी आता मोहरीच्या डब्यात असतो. फोडणीपुरती मोहरी मोजतो आणि बढाई मारत नाही. तुम्हांला डबा घ्यायचा असेल तर खुशाल घ्या बाबांनो, मी कोण अडवणारा? फक्त त्याआधी एकदा घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं ते बघा आणि तिच्या पातेल्यात डोकावा.

परवाचंच सांगतो. श्रीदेवीनं ताट वाढलं आणि सासूला हाताला धरून बसवलं. "आत्या, आज तुमी आधी."

कोंडाबाई ताटाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला आजवर कुनी सगळ्यांच्या आधी वाढलं न्हाई गं."