मलप्पांची काळी फुफ्फुसे

पडद्यावर तोंड, घसा आणि जठर लख्ख उजळले होते. फुफ्फुसांच्या जागी जवळपास अंधार होता.

श्वासाबरोबर घेतलेले तुषार शरीरात कुठे उतरतात, याचे चित्र आम्ही लातूरच्या आमच्या केंद्रात काढतो. तुषारांत किरणोत्सारी द्रव्याचा अल्पांश मिसळलेला असतो. ते जिथे बसतात ती जागा कॅमेऱ्याला दिसते.

मलप्पा निलंग्याकडचे सनईवादक. दम्याचा पंप वर्षभर घेऊनही त्यांना फरक पडला नव्हता. औषध निरुपयोगी आहे आणि सनई कायमची थांबवावी, असे त्यांचे डॉक्टर शेषेराव यांचे मत होत चालले होते. त्यापूर्वी एक चित्र पाहावे, म्हणून त्यांनी मलप्पांना माझ्याकडे पाठवले होते.

माझा पहिला संशय यंत्रावर गेला. नळी कुठे गळत नव्हती. मग मी मलप्पांना रिकामा पंप दिला. "घरी घेता तसाच घेऊन दाखवा."

त्यांनी ओठ आवळले. गाल फुगले. मी नाकपुडीशी कापसाचा तंतू धरला. तो आत ओढला गेला.

"मलप्पा, तुम्ही हवा नाकाने घेताय."

"मग? तोंडात नळी असल्यावर हवा नाकानंच घ्यायची असती, म्याडम. गालात साठा ठिवायचा. न्हाईतर सूर तुटतो."

सूर अखंड ठेवण्यासाठी जन्मभर केलेली ही कसरत नळी ओठांत येताच आपोआप सुरू होत असावी आणि औषध गालांतून पोटात जात असावे. अनुमान पटण्याजोगे होते. म्हणूनच ते तपासणे आवश्यक होते.

पुढच्या भेटीत साध्या खारट पाण्याच्या तुषारांवर सराव घेतला. नाकाला लावलेला चिमटा मलप्पांनी दोनदा उपटून काढला. "जीव घाबरायलाय."

"थांबा, मी धरते," त्यांच्या पत्नी नागव्वा पुढे झाल्या. "घोरायला लागले की रोजच धरते."

सरावानंतर चिमटा टिकला. नव्या चित्रात दोन्ही फुफ्फुसे उजळली. उजवीकडचा खालचा भाग तेवढा फिकट राहिला.

"म्हंजी वाजवू?"

"औषध आत पोचू शकते, एवढेच यावरून कळते. ते लागू पडते का, हे सांगता येणार नाही. ते तुमच्या फुफ्फुसांत आजवर गेलेलेच नाही."

शेषेरावांनी पंप चिमटा लावून घ्यायला सांगितला आणि निर्णय महिनाभर पुढे ढकलला. त्यानंतर फुंकरीचा जोर मोजणाऱ्या चाचणीत श्वास सुधारला होता, पण पुरता नाही. मांडवात बसून वाजवायला त्यांनी परवानगी दिली. वरातीच्या धुळीत चालत वाजवायला नाही.

मलप्पांचा चेहरा उतरला. "वरात निघाल्यावर मी काय करू?"

"पंगतीला बसा," नागव्वा म्हणाल्या. "इतकी वर्षं कुणाच्या लग्नात गरम जेवलाव का?"