गोकुळाला पलीकडे नेलं

तलाव मालगुजाराकडून सरकारात गेला, त्याच्या सहाव्या वर्षी त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, पाच हात उंच करायचं ठरलं. तलावाच्या मधल्या बेटावर तेव्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची तीन घरं होती. कोतवाल वारलू डोंग्यातून बेटावर आला आणि उमाजीच्या अंगणात टेकला.

"उमाजीभाऊ, या बरसातीत पानी लय चढते. आखाडाच्या आत बेट खाली करा लागते."

"कुठवर चढते?"

वारलूनं वरच्या अंगाच्या मोहाच्या झाडाकडे बोट केलं. "त्याच्या बुडापर्यंत."

म्हणजे घरं जाणार, शिंगाड्याची खाडी जाणार, आणि खालच्या टोकाला करंजाखाली पुरलेली गोकुळाही पाण्याखाली जाणार.

गोकुळा उमाजीची बायको. तीन वर्षांपूर्वी भादव्यात तापानं गेली. त्या दिवसांत वारा असा सुटला होता की तीन दिवस डोंगा पाण्यात घालता आला नाही. ढिवरांचं मसण पलीकडे, पाळीच्या मागे. बेटावर आजवर कोणाला पुरलं नव्हतं. तिला तिथंच पुरावं लागलं.

पंधरा दिवसांत बाकीच्या दोन घरांनी छपराचे कवेलू उतरवले, बांबू बांधले आणि ती माणसं काठावर राहायला गेली. उमाजी रोज पहाटे जाळं घेऊन निघायचा आणि उन्हं चढल्यावर परत यायचा. घर सोडायचं नाव काढायचा नाही. त्याचा मुलगा मनसाराम एटापल्लीकडे सागवानाच्या तोडीवर गेला होता. घरात सून कुंता तेवढी होती. तिनं धान भरून ठेवलं, जातं दाराशी आणून ठेवलं आणि वाट पाहिली.

एका सकाळी उमाजी परत आला तेव्हा कुंता कुदळ घेऊन करंजाखाली उभी होती.

"काय करून राह्यली?"

"मामाजी, आत्याबाईले पान्याखाली ठेवून मी जात नाई. पलीकडं नेऊ. आपल्या मानसांत."

"मातीत गेलेल्या मानसाले उकरत नसतात. ठेव ते कुदळ."

"काऊन? तिच्यासमोर जायचं भेव वाटते का तुमाले?"

कुंता रागात बोलून गेली. पण उमाजीचा चेहरा एकदम उतरला. तो खाली बसला. खांद्यावरचं ओलं जाळं घसरून मातीत पडलं, ते त्यानं उचललं नाही.

"हो," तो म्हणाला. "भेव वाटते."

कुंता कुदळीवर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"त्या दिवशी सकाळी पानी शांत होतं," उमाजी सांगू लागला. "ती मले म्हने, मले वैदाकडं घेऊन चला, आज लय जड वाटून राह्यलं. मी म्हनलो, जाळे काढून येतो, मंग जाऊ. रातभर टाकून ठेवले होते. मासे सडले असते. वापस येतपर्यंत वारा सुटला. मासोळीपायी मी तिले थांबवलं, कुंता. मनसारामलेबी सांगतलं नाई. सारे म्हनत, वाऱ्यानं घात केला. मी आयकून घेतलं."

कुंता त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "मी दारातच होती. तुमी डोंगा घेऊन गेले, ते मी पाह्यलं. म्या आडवलं असतं तर तुमी थांबले असते. मी तोंड उघडलं नाई. मले वाटलं, सून हाये, आपून काय बोलाव."

दोघंही रडली. मग उमाजीनं तिच्या हातातून कुदळ घेतली.

माती मऊ होती. फार खोल जावं लागलं नाही. शेवटचे थर त्यानं हातानं काढले. हाडांपाशी हिरव्या बांगड्या सापडल्या, दोन अखंड, बाकी फुटक्या. कुंतानं स्वतःचं नवं लुगडं पसरलं. उमाजीनं एकेक हाड तलावाच्या पाण्यात धुऊन त्यावर ठेवलं. ठेवताना तो हळूच म्हणाला, "चाल, पलीकडं नेतो तुले."

दुपारी त्यांनी गोकुळाला डोंग्यातून नेलं. वारलू आणि बेटावरून गेलेली माणसं काठावर जमली होती. पाळीच्या मागे, तिच्या सासूशेजारी तिला पुरलं. त्यानंतर दोन दिवसांत उमाजीनं घर उतरवलं.

मनसाराम जेठात परत आला. काठावर नव्या घराचे नुसते खांब उभे होते. उमाजीनं त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. कुंता मधे बोलायला गेली, तर त्यानं तिला हातानं थांबवलं.

मनसाराम उठून गेला. आठ दिवस तो बापाशी बोलला नाही. जेवायला बसायचा, पण पाठ करून. उमाजीनं त्याला एकदाही विनवलं नाही.

नवव्या दिवशी मनसाराम जंगलातून बांबूचा भारा घेऊन आला आणि बापासमोर टाकला.

"पानी कधीबी येईन," तो म्हणाला. "घराले कूड विणा लागते. तुमी त्या बाजूनं धरा."

उमाजी उठला आणि त्यानं दुसरं टोक धरलं.