एकशे त्रेचाळिसावं कार्ड

"ताई, हे वाक्य कुठून घेतलंत?"

साहेबांनी कार्ड दोन बोटांनी पुढे सरकवलं. ताईंनी चष्मा न लावताच ओळखलं. एकशे त्रेचाळीस नंबरचं. तोंडावर मात्र काही दिसू दिलं नाही.

"खाली लिहिलंय की. पेपरातून. तारीखसुद्धा आहे."

"त्या तारखेला तो पेपर निघालाच नव्हता. संप होता. आत्ताच फाइल बघून आलो."

शब्दकोशाच्या त्या कचेरीत ताईंना सगळे रनताई म्हणत. इंग्रजीतला इवलासा शब्द, पोरंसोरं शाळेत पहिल्या महिन्यात शिकतात. पण तो वाट्याला आला आणि ताईंची सहा वर्षं खाऊन बसला. माणूस धावतो तिथे रन, नाक वाहतं तिथे रन. कपड्याचा रंग जातो, मोज्याची वीण उसवते, कुणी निवडणुकीला उभा राहतो, कुणी दुकान चालवतो, तिथेही हा हजर. मेल्याला एक धंदा म्हणून नाही. दर अर्थाला एक कार्ड. वर इंग्रजी वाक्य, मध्ये आपल्या भाषेतला अर्थ, खाली ते वाक्य कुठे छापलं होतं त्याचा पत्ता आणि तपासणाऱ्याची सही. अशी दोनशे तेरा कार्डं. त्यांचा खोका न्यायला आज पाच वाजता छापखान्याचा माणूस येणार होता.

कचेरीचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वाक्य छापलेलंच हवं. ऐकलेलं, आठवलेलं चालायचं नाही. एक कार्ड खोटं निघालं तर लिहिणाऱ्याचा सगळा गठ्ठा बाद, आणि शब्द जुन्या आवृत्तीतून जसाच्या तसा उचलायचा. जुन्या आवृत्तीत रनचे अर्थ होते एकतीस.

"तारीख चुकली असेल," समोरून तपासनीसकाका म्हणाले. ताईंच्या प्रत्येक कार्डावर सही त्यांची. एक स्वल्पविराम चुकला तरी कचेरी डोक्यावर घेणारा माणूस. "एखादा दिवस इकडेतिकडे. मी पाहिलंय ते वाक्य पेपरात."

ताईंनी चमकून बघितलं. काका मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत होते.

साहेबांचा चेहरा सैल झाला. माणूस वाईट नव्हता, नवा होता. नव्या माणसाला नियमाशिवाय धरायला काही नसतं. "मग सोपं आहे. मागचापुढचा अंक काढा, वाक्य दाखवा, तारीख दुरुस्त करून टाकू. पाचला अजून अडीच तास आहेत."

ताई फाइलींच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसल्या. अंक उघडायची गरजच नव्हती. ते वाक्य कुठल्याच पेपरात आलं नव्हतं. ते त्यांच्या घरात बोललं गेलं होतं.

नवरा जहाजावर इंजिनाचं तेलपाणी करणारा. घरी आला की ताईंचं शिलाई मशीन उघडून बसायचा. यंत्रांशी तो इंग्रजीतच बोलायचा. "त्यांना आपली भाषा कळत नाही गं," म्हणायचा, "उगाच गैरसमज नको." शेवटच्या खेपेला निघायच्या सकाळी त्याने मशीनला तेल दिलं, चाक फिरवून पाहिलं आणि त्याच्यावर थाप मारून म्हणाला, "शी विल रन टिल आय कम बॅक." त्याला अकरा वर्षं झाली. जहाजाचा पत्ता लागला नाही. मशीन अजून चालतंय.

यंत्र न अडता चालत राहणे. या अर्थाच्या वाक्यांना काही तोटा नव्हता. पण ते कार्ड लिहायला घेतलं त्या दिवशी हाताने दुसरं वाक्य लिहिलंच नाही. पत्ता म्हणून पेपराचं नाव ठोकून दिलं. तारीख मात्र खोटी लिहवेना, ती त्याच सकाळची लिहिली.

आता काय? "अंक फाटलाय, साहेब" म्हटलं की भागलं. काकांनी अर्धं खोटं बोलून ठेवलंच होतं. ताईंनी खरंच आदल्या दिवसाचा अंक काढला आणि एका पानाचा कोपरा चिमटीत धरला. किती वेळ धरला कोण जाणे. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ज्या पानांवर सहा वर्षं डोळे फोडले, तीच फाडायला निघालो.

त्या बाहेर आल्या तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

"वाक्य मिळायचं नाही, साहेब. ते पेपरातलं नाहीच. माझ्या नवऱ्याचं आहे. काकांनी मला सांभाळून घेतलं, त्यांना बोल लावू नका."

साहेबांनी कार्ड पुन्हा उचलून वाचलं. "ताई, याला तर शंभर वाक्यं मिळाली असती हो."

"हजार मिळाली असती."

"मग मी काय करू आता? नियम तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत."

"बाकीची दोनशे बारा खरी आहेत. हवी ती काढा आणि तपासा. एक जरी खोटं निघालं तर खोका मी स्वतः चुलीत घालीन. माझं नाव छापू नका. पण शब्द जाऊ द्या."

"वीस काढा, साहेब," काका उठत म्हणाले. "पाचदहाने काय होतंय?"

साहेबांनी न बघता वीस कार्डं उपसली. काका फाइली आणून आपटत, साहेब बोटाने ओळ शोधत, ताई खिडकीशी उभ्या. नाक सापडलं. निवडणूक सापडली. दुकान सापडलं. साडेचारला मोज्याच्या विणीपाशी साहेबांचं बोट थांबलं.

"पान सहावर नाही."

सहा वर्षं एका मोज्यात जाणार म्हणजे. मग ताईंना एकदम आठवलं. "पुरवणीचं पान सहा. मागे बांधलीय बघा."

पुरवणीत होतं.

विसावं कार्ड जुळलं तेव्हा पाचला दहा कमी होते. साहेबांनी शब्दकोशात छापायच्या नावांची यादी ओढली आणि ताईंकडे न बघता एका नावावर रेघ मारली. "एकशे त्रेचाळीसला दुसरं वाक्य लावा. छापलेलं."

दुसरं वाक्य ताईंना तीन मिनिटांत सापडलं. पाण्याचे पंप आठवडाभर चालले, अशी कुठलीशी बातमी होती. काकांनी नव्या कार्डावर सही केली. छापखान्याचा माणूस आला आणि खोका खांद्यावर टाकून गेला.

मागे उरलं ते बाद कार्ड. बाद कार्ड इथे फेकत नाहीत. वेगळ्या कप्प्यात ठेवतात, पण खरा पत्ता लिहून आणि तपासनिसाच्या सहीने. ताईंनी पेपराचं नाव खोडलं. खाली लिहिलं, 'ऐकलेलं. घरी, सकाळी. बोलणारा: माझा नवरा.' तारीख होती तीच राहू दिली.

"मला तेव्हाच ठाऊक होतं," काका म्हणाले. "त्या दिवशी पेपर आला नाही म्हणून मी घरात सगळ्यांशी भांडलो होतो. ती तारीख विसरेन होय?"

"मग सही कशी केलीत?"

काकांनी चष्मा पुसला, कार्ड उजेडात धरलं आणि शब्दाशब्दावर पेन्सिल टेकवत सावकाश वाचलं.

"वाक्य बरोबर आहे," ते म्हणाले, आणि खाली दुसऱ्यांदा सही केली.