गोळपाचे मैल

यमुनाबाईंनी सायकलचं पुढचं चाक दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि लेकीला म्हणाल्या, "राही, फिरव."

राहीने चाक फिरवलं. चाकाच्या एका तारेला बसवलेली खीळ दर फेरीला आसाजवळच्या इवल्याशा डबीला टिचकी मारू लागली. थोड्या वेळाने काचेतला शेवटचा आकडा सरकला.

"बघितलंत? सायकल खळ्यातच हाय नि ह्याचे मैल वाढतायत. घरात बसून आऱ्याला जाऊन याल तुमी, भावोजी."

आत्माराम हसला. बोटीवरून सुटीला येताना या धाकट्या दिराने दोन गोष्टी आणल्या होत्या: हे अंतर मोजायचं यंत्र आणि राहीसाठी आरे गावचं स्थळ. मुलगा त्याच्याच बोटीवर होता. "आरं तुमच्या म्हायेराहून, गोळपाहून जवळ, आठच मैल," असं तो म्हणाला, तेव्हापासून यमुनाबाईंचा दोन्हींवर सारखाच संशय होता. लेक एकुलती. तिच्या मनात आलं की तिने येऊन जावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला ते आलं नव्हतं.

आदल्या दिवशी आत्माराम आऱ्याला मोजूनही आला होता. यंत्र साडेसात मैल म्हणत होतं. यमुनाबाईंनी लगेच पकडलं. भाट्याची खाडी होडीतून ओलांडताना चाक फिरत नाही, म्हणजे तेवढं पाणी हिशेबात आलंच नाही.

"पाणी अर्धा मैलसुद्धा नाय, वैनी."

"तां तुमी सांगताय. माज्या वाटेवर मोजून दाखवा. गोळपाला जावा. माजं म्हायेर दहा मैल, सगळ्यांस ठाऊक हाय. मधे खाडी नाय. आणि माज्या म्हाताऱ्या आवशीकडनं कायतरी घेऊन या, म्हणजे वाटेत चाक फिरवीत बसला नाय असं कळंल."

ओटीखाली सखाराम नारळ सोलत होता. "कशाला त्याला उन्हात पिटाळतेस?" तो बायकोला म्हणाला. "यंत्र चांगलं हाय. ऱ्हाऊ दे."

एरवी भावाच्या प्रत्येक वस्तूला नावं ठेवणारा हा माणूस आज यंत्राची बाजू घेत होता. यमुनाबाईंना ते काही बरं वाटलं नाही. राहीने यंत्रातला आकडा कोळशाने भिंतीवर लिहिला आणि आत्माराम निघाला.

तो परतला तेव्हा भात अजून चुलीवरच होता.

"अर्ध्या वाटेतनं फिरलात?"

आत्मारामने पिशवीतून आमसुलांचं गाठोडं काढून त्यांच्या हातात दिलं. ते बांधलेलं फडकं त्यांच्या आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं होतं. काठ यमुनाबाईंच्या ओळखीचा होता. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि बराच वेळ तिथेच धरलं.

"जायला पाच, यायला पाच," आत्माराम भिंतीवरच्या आकड्याकडे बघत म्हणाला. त्यालाही ते पटत नव्हतं. "म्हातारी विचारीत होती, यमू कशी नाय आली."

"मोडलंय तां."

"नाय, वैनी. काल मैलाच्या दगडांशी ताडून बघितलंय."

माहेरचं नाव काढलं की या घरात एकच उत्तर मिळे: दहा मैल, जाण्यायेण्यात दोन दिवस मोडतात. सासू तेच सांगत गेली, नंतर नवरा. राही कडेवर असताना भर उन्हात कातळाचा सडा तुडवत त्या एकदा गेल्या होत्या, तेव्हा त्यांनाही ते खरंच वाटलं होतं. आता संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आवो," त्या ओटीकडे वळल्या, "दहा मैल कुणी मोजलेले?"

सखारामने नारळ पहारेवर मारला. तो सोलून झालेलाच होता.

"आई म्हणायची," तो खाली बघत म्हणाला.

यमुनाबाईंनी पदराने डोळे पुसले. "भावोजी, उद्या आऱ्याला परत जावा. मैल नकोत मला. मुलाच्या आवशीला विचारा, तुमचं म्हायेर कुठं नि शेवटच्या कधी गेलात."

"असं कोण विचारतं, वैनी?"

"मी विचारतंय."

राही दाराशी उभी होती. तिने एकदा बापाकडे बघितलं, एकदा आईकडे. आत्माराम सायकल पडवीत न्यायला वळला, तशा यमुनाबाईंनी मागचं कॅरिअर धरलं आणि दाबून बघितलं.

"ह्याच्यावर माणूस बसला तर यंत्र जास्ती मैल दाखवील?"

"नाय. तेवढेच."

"मंग सायकल आत घेऊ नका, गोळपाला परत जायचंय. राही, भाताकडे बघ. मी लुगडं बदलून येतंय."